ग्रीसमध्ये ‘व्हेज’ विचारू नका, ‘निस्तीसिमो’ विचारा

कानात इअरफोन, हातात चहा, आणि बहुतेक लोकलमध्ये किंवा बसमध्ये उभे असाल. आजचा भाग खाण्याचा आहे, त्यामुळे भूक लागली तर मला बोल लावू नका.

आज जायचंय ग्रीसला. ‘ग्रीक जेवण’ म्हटलं की आपल्या रीलमध्ये काय येतं? गिरोस, सुवलाकी, म्हणजे मांस. मग घरातले शाकाहारी लोक बॅगेत ठेपले, खाकरे आणि मेतकूट भरतात आणि आठवडाभर तेच खातात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण ग्रीस हा शाकाहारी माणसाची मजा असलेला देश आहे. फक्त तिथलं एक कुलूप उघडावं लागतं, आणि त्याची किल्ली म्हणजे एक शब्द. निस्तीसिमो.

निस्तीसिमो म्हणजे उपवासाला चालणारं. ग्रीसमध्ये बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. त्यांच्या परंपरेत बुधवार-शुक्रवार उपवास, ईस्टरच्या आधी कित्येक आठवडे उपवास, ख्रिसमसच्या आधी 40 दिवस, ऑगस्टमध्ये पहिले 14 दिवस. सगळेच पाळतात असं नाही, जसं आपल्याकडेही सगळे चतुर्थी पाळत नाहीत. पण शेकडो वर्षं अर्धा देश वर्षातले इतके दिवस मांस, दूध, अंडी न खाता जगला, तेव्हा त्यांच्या आज्यांनी डोकं लावून जे पदार्थ शोधले, ते आज रोजच्या जेवणात आहेत.

गंमत बघा. आपल्या उपवासाला दूध-दही चालतं, पण डाळ आणि पोळी चालत नाही. त्यांच्या उपवासाला बरोब्बर उलटं! डाळ, कडधान्य, पाव खुशाल खा. दूध, दही, चीज नाही. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग तो उपवास कसला, ते तर वरणभाताचं जेवण झालं.” आणि खरंच तसंच आहे.

पहिला पदार्थ, फावा. नावावरून फसू नका, यात पिवळी डाळ असते. शिजवून, घोटून एकदम घट्ट करतात, वरून ऑलिव्ह तेल, कच्चा कांदा, लिंबू. सँटोरिनी बेटाचा फावा सगळ्यात प्रसिद्ध. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “घट्ट गोळा वरणच आहे, फोडणी विसरलेत.” पण ताट पुसून खाल्लं.

मग यिगांदेस. मोठे, पांढरे, जाड घेवड्याचे दाणे, टोमॅटोच्या रसात ओव्हनमध्ये भाजलेले. फासोलादा म्हणजे पांढऱ्या घेवड्याचं गाजर-सेलरी घातलेलं सूप. ग्रीक लोक त्याला आपला राष्ट्रीय पदार्थ म्हणतात. आणि एक अख्खा प्रकारच आहे, लादेरा. ‘लादी’ म्हणजे तेल. भेंडी, फरसबी, वांगी, जे काही हंगामात असेल ते टोमॅटो आणि भरपूर ऑलिव्ह तेलात मंद शिजवायचं. ते गरमागरम नाही, कोमटच वाढतात. उरलेलं दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. खिमा न घालता फक्त भाताचे असतील तर त्यांना ‘अनाथ’ म्हणतात! तसंच द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेले दोल्मादाकिया. त्यात मांस नसेल तर नाव ‘यालांजी’, म्हणजे खोटारडे. आपल्याकडे भरल्या वांग्याला कोणी खोटारडं म्हणत नाही, पण चव तीच, अस्सल.

आता एक महत्त्वाची सूचना. निस्तीसिमो म्हणजे शंभर टक्के शाकाहारी नाही. कोळंबी, कालवं, माकूळ, ऑक्टोपस यांना ते उपवासाला चालणारे मानतात. आणि तारामोसालाता नावाची गुलाबी चटणी दिसते सुंदर, पण ती माशांच्या अंड्यांची असते. त्यामुळे शब्द वापरा आणि पाठोपाठ ‘मासे, कोळंबी काही नको’ हेही सांगा. फेटा चीजबद्दलही तेच. ते मेंढीच्या दुधाचं, त्यात जास्तीत जास्त 30 टक्के शेळीचं. पारंपरिक फेट्यात दूध विरजायला जनावराच्या पोटातलं रेनेट वापरतात. कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असू द्या. निर्णय तुमचा.

आता गोडाकडे वळूया, ज्यासाठी तुम्ही इथपर्यंत ऐकत आलात.

सकाळी रस्त्यावर मिळते कुलुरी, तीळ लावलेली पावाची रिंग. स्वस्त, चालता चालता खायची. थेसालोनिकी शहरात गेलात तर नाश्त्याला बुगात्सा: पातळ पापुद्र्यांत रव्याचं गोड क्रीम, वर पिठीसाखर आणि दालचिनी. काहींच्या क्रीममध्ये अंडं असतं, तेवढं विचारून घ्या. 1922-23 मध्ये आताच्या तुर्कस्तानातून लाखो ग्रीक निर्वासित होऊन आले आणि बुगात्सा उत्तर ग्रीसमध्ये रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. घर सुटलं, पण हातातलं कसब सुटलं नाही. गोड खाताना हे लक्षात ठेवा.

लुकुमादेस म्हणजे यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे, वर मध आणि दालचिनी. रिझोगालो म्हणजे थंडगार तांदळाची खीर. बकलाव्यात सहसा अंडं नसतं, पण लोणी असतं. गालाक्तोबुरेकोमध्ये अंड्याचं क्रीम असतं. आणि दही! ग्रीक दही म्हणजे फडक्यातून गाळलेलं दही, म्हणजेच आपला चक्का. ते त्यात साखर आणि वेलची घोटत नाहीत; वरून मध आणि अक्रोड घालतात. श्रीखंडाचा लांबचा चुलतभाऊ.

चमच्यातले गोड हा माझा आवडता प्रकार. चेरी, अंजीर, संत्र्याची साल पाकात मुरवायची आणि पाहुण्याला एक चमचा, सोबत थंड पाण्याचा ग्लास. आपला मुरांबाच. त्याहून भारी म्हणजे ‘इपोव्रिखिओ’, अर्थ पाणबुडी! पांढऱ्या, चिकट साखरेचा गोळा चमच्यावर घेऊन थंड पाण्याच्या ग्लासात बुडवून देतात. गोळा चाटायचा आणि शेवटी ते गोड पाणी प्यायचं. त्यात अनेकदा खिओस बेटावरच्या झाडाचा डिंक, मस्तिखा, घालतात.

एक साम्य मात्र थक्क करतं. मोठा उपवास सुरू होतो त्या सोमवारी, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, सगळे ग्रीक पतंग उडवतात आणि तिळाचा हलवा खातात. तीळ आणि पतंग! आपल्या संक्रांतीशी याचा काही संबंध नाही, पण वाचून कोणीतरी आपलंच भेटल्यासारखं वाटतं.

आता गृहपाठ. ग्रीसला जायला पैसे नसतील तरी हे आज रात्री करा. ग्रीक रव्याचा हलवा, निस्तीसिमो. त्याचं माप 1-2-3-4 असं आहे. आपल्या भाषेत तर आणखी सोपं: पाव वाटी तेल, अर्धी वाटी रवा, पाऊण वाटी साखर, एक वाटी पाणी. पाणी-साखर दालचिनी आणि संत्र्याच्या सालीसोबत उकळून घ्या. तेलात जाड रवा खमंग तांबूस होईपर्यंत भाजा. तूप नाही, दूध नाही. मग गरम पाक जपून ओता, तो उसळतो. कडा सुटेपर्यंत ढवळा, वाटीत थापा, गार झाल्यावर उलटा करा. वर बदाम आणि दालचिनीची पूड.

आईने केला तेव्हा म्हणाली, “शिरा आहे, पण तुपाशिवाय.” दुसऱ्या दिवशी तिनेच पुन्हा केला.

तुमचा हलवा कसा झाला ते कळवा. आणि तुमच्या घरातला तो ठेपलेवाला प्रवासी कोण आहे, त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात, तोवर खात राहा, ऐकत राहा!