कारवीचा फुलोरा

सह्याद्रीच्या कुशींत ज्यांचें बालपण गेलें, त्यांस कारवीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. इतरांसाठीं सांगतों. माथेरान, खंडाळा, महाबळेश्वर, माळशेज अशा अतिवृष्टीच्या प्रदेशांत डोंगरउतारावर माणसाहून उंच वाढणारें, सरळ काठ्यांचें व मोठ्या खरखरीत पानांचें जें दाट झुडूप दिसतें, ती कारवी. मुंबईनजीक बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतहि ती विपुल आहे. एकोणिसाव्या शतकांत नीस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें तिला शास्त्रीय नांव दिलें.

कारवीचा मुख्य उपयोग कुडासाठीं. तिच्या काठ्या शेजारीं शेजारीं उभ्या करून आडव्या काठ्यांनीं बांधावयाच्या व वर शेणमातीचें लिंपण द्यावयाचें, कीं भिंत तयार! वेलांस आधार व चुलीस जळण हेंहि तिच्याकडूनच मिळतें. कांहीं ठिकाणीं पोटाच्या विकारावर पाल्याचा रस देण्याची चाल आहे. परंतु वैद्याच्या सल्ल्यावांचून तो घेऊं नये. या सर्वांहून मोठें, पण न दिसणारें काम तिचीं मुळें करितात. मुसळधार पावसांत उतारावरची माती तींच धरून ठेवितात.

आतां तिच्या आयुष्यक्रमाकडे वळूं. दर पावसाळ्यांत ती हिरवी होते आणि पाऊस सरला कीं नुसत्या काटक्या उरतात. असें सात वर्षें चालतें. मग एके श्रावण-भाद्रपदांत सारा उतार एकदम जांभळ्या-निळ्या फुलांनीं भरून जातो. मधमाशांची झुंबड उडते व त्या वर्षीं दाट, गडद मध मिळतो. बोरिवलीस हा सोहळा २००८, २०१६ व २०२४ सालीं झाला. २०१६ सालीं पहिलींत असलेल्या मुलानें तो पाहिला असेल, तर पुढचा पाहतांना तें नववींत पोंचलें होतें! सर्व डोंगर मात्र एकाच सालीं फुलत नाहींत. केरळांत मुन्नारकडे फुलणारी नीलकुरिंजी ही हिचीच भगिनी. तिला बारा वर्षें लागतात.

एकदां फुलली कीं कारवी मरते. तिचीं फळें त्या मृत झुडुपावरच वाळतात व पुढील वर्षीं पहिल्या पावसाचा ओलावा लागतांच तडतड फुटून बीं उधळतात. म्हणजे फुलोऱ्यापासून त्या पावसापर्यंतचे आठ-नऊ महिने हाच तिच्या वंशाचा निर्णायक काळ होय. इतर वर्षीं काठी तोडिली तर एका झुडुपाचें नुकसान. या काळांत सरसकट तोड झाली, किंवा वणवा लागला, तर त्या उताराची पुढची पिढीच जाते. मग माती कोण धरणार?

कारवीची मुद्दाम लागवड सहसा कोणी करीत नाहीं. तरी ज्याच्या मालकीचा उघडा उतार असेल, त्यानें चैत्र-वैशाखांत, जेथें परवानगी असेल तेथील वाळलेलीं फळें थोडीं आणून कोरड्या जागीं ठेवावीं. मृगाच्या सुमारास माती किंचित् भुसभुशीत करून बीं फेंकावें आणि रोपें सांवरेपर्यंत गुरें आंत येऊं देऊं नयेत. याहून अधिक मशागत नको. मात्र फुलासाठीं सात-आठ वर्षें धीर धरण्याची तयारी हवी.

तेव्हां श्रोतेहो, फुललेली कारवी पाहण्यास अवश्य जा. पण फांदी मोडूं नका. बीं पडून गेल्यावर त्याच वाळलेल्या काठ्या खुशाल सरपणास न्या. त्यांचें काम तोंवर झालेलें असतें.