धुळपाटी आणि पडदा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचे स्मरण करावे असा प्रघात आहे. ते कार्य माझ्याहून अधिकारी अशा वडीलधाऱ्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. माझ्या वाट्यास आलेला विषय मात्र काहीसा रुक्ष आहे. संगणकाच्या अथवा मोबाइलच्या पडद्यावरून दिल्या जाणाऱ्या शिक्षणाची मांडणी कशी असावी, हा तो विषय. पडद्यावर कळ कोठे असावी, अक्षर केवढे असावे, चूक झाल्यास शिकणाऱ्यास काय सांगावे, याचा विचार करणे हा माझा चरितार्थाचा उद्योग आहे. आपल्या मंडळाने मराठी बालवर्ग पडद्यावर आणण्याचे मनात धरले आहे. तेव्हा त्या कामी माझ्या हातून पूर्वी घडलेली एक चूक आपल्यापुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी झाली आणि ओळखीच्या काही कुटुंबांतील मुलांसाठी मी हौसेने मराठी वाचनाचे पाठ तयार केले. चित्रे सुबक होती, रंग प्रसन्न होते. आठ वर्षांची एक मुलगी प्रारंभी रोज पाठ पूर्ण करी. सहाव्या आठवड्यानंतर ती एकाएकी दिसेनाशी झाली. चौकशी करता तिची आई संकोचून म्हणाली, "ती म्हणते, मला मराठी येत नाही." ज्या मुलीने आदल्याच महिन्यात मला दूरध्वनीवरून मांजराच्या पिलांची गोष्ट अस्खलित मराठीत सांगितली होती, ती असे म्हणत होती! उलगडा झाला तेव्हा मी खजील झालो. माझ्या प्रत्येक पाठाच्या माथ्यावर 'योग्य अक्षर निवडा', 'जोड्या लावा' अशा सूचना मराठीत लिहिलेल्या होत्या. जिला अद्याप वाचता येत नव्हते, तिने वाचावयास शिकण्यासाठी प्रथम वाचावे, अशी माझी व्यवस्था होती! इतके दिवस आजी शेजारी बसून सूचना वाचून दाखवीत असे. प्रवास सुरू होताच आजी पुण्यास परतली आणि पाठही थांबले. दोष माझ्या मांडणीचा होता; तो त्या लेकराने आपल्या बुद्धीचा मानला. मांडणी चुकते तेव्हा शिकणारा स्वतःलाच अपराधी समजतो, हा धडा मी त्या दिवशी घेतला.

योगायोग असा की, शिक्षणाच्या मांडणीचा एक जगप्रसिद्ध प्रयोग आपल्या याच नगरात झाला. १७८९ साली अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेची देखरेख आली. शिक्षक अपुरे, साहित्य महाग. येथील गावठी शाळेतील मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत असल्याचे त्याने पाहिले आणि तीच रीत आपल्या शाळेत आणावयाचे ठरविले. शिक्षकांनी नाके मुरडली, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलास खालच्या वर्गाचा शिक्षक नेमले. मोठ्या मुलाने लहानास शिकवावे, ही ती रीत. १७९७ साली बेलने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि 'मद्रास पद्धती' या नावाने ती इंग्लंडातील असंख्य शाळांत गेली. त्या पद्धतीत यांत्रिकपणाचे दोष होते, हेही खरे. परंतु आपल्या पूर्वजांची धुळपाटी साता समुद्रांपलीकडे गेली ती या मद्रासेतून, याचा आपणास विसर पडू नये.

धुळपाटीचा मोठा गुण कोणता? स्वस्ताई तर आहेच. पण चुकलेले अक्षर हाताच्या एका फटकाऱ्यासरशी नाहीसे होते, हा तिचा खरा गुण. चुकीची नोंद राहत नाही, म्हणून चुकण्याचे भय राहत नाही. आजचा पडदा बहुधा याच्या उलट वागतो. तांबडी फुली उमटते, कर्कश नाद होतो, गुण वजा होतात, आणि शेजारच्या मुलाचे गुणही दिसतात. सरावाची जागा आणि परीक्षेची जागा निराळ्या ठेवाव्यात, हे सूत्र आपल्या पंतोजींस ठाऊक होते. आम्हा संगणकवाल्यांस ते नव्याने शिकावे लागत आहे.

आता वर्तमानाकडे वळू. २००३ साली सात आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'एन.पी.टी.ई.एल.' हा उपक्रम आरंभिला. त्यात आपल्या गिंडी भागातील आय.आय.टी. मद्रासचा वाटा मोठा आहे. प्रारंभी वर्गातील व्याख्याने सुमारे तासा-तासाची अशी चित्रित होत. ज्ञान अस्सल होते. पण तासभराचे व्याख्यान पडद्यासमोर एकट्याने ऐकणे आणि सोबत्यांसह वर्गात ऐकणे यांत अंतर आहे. २०१४ पासून प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांत लहान लहान चित्रफिती, दर आठवड्याचा स्वाध्याय, शंका विचारण्याची सोय, आणि अखेरीस परीक्षाकेंद्रावर समक्ष बसून द्यावयाची परीक्षा अशी घडी बसविण्यात आली. ज्ञान मोफत ठेवले, परंतु कालाचे बंधन घातले. जगभरच्या खुल्या अभ्यासक्रमांत नाव नोंदविणाऱ्यांपैकी तडीस जाणारे बहुधा शेकडा दहा-पंधरांच्या आतच असतात. उत्साह पहिल्या आठवड्यात सर्वांपाशी असतो. पाचव्या आठवड्यात शिकणाऱ्याचा हात कोण धरतो, यावर फळ अवलंबून असते.

याच संस्थेने २०२० साली विदाशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम पडद्यावरून सुरू केला. त्याची एक योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. पायाभूत टप्पा, पदविका, पदवी अशा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर त्या त्या पात्रतेचे प्रमाणपत्र घेऊन सन्मानाने बाहेर पडता येते. मध्येच थांबणाऱ्याच्या कपाळी 'अपयशी' हा शिक्का बसत नाही. प्रवेशासाठीही आधी चार आठवडे शिकवितात आणि मग त्यावर परीक्षा घेतात. दाराशी कस लावण्यापूर्वी उंबरठ्यावर शिकविणे, ही मांडणीतील माणुसकी आहे.

दुसरे उदाहरण मुंबईचे. तेथील आय.आय.टी.त प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. पाठ सुमारे दहा मिनिटांचा. पडद्यावरील दृश्य इंग्रजीच ठेवावयाचे, कारण संगणकाची आज्ञावली इंग्रजीत असते. समजावणारा आवाज मात्र मराठी, तमिळ वा अन्य भारतीय भाषेत. पडद्याच्या एका बाजूस पाठ आणि उरलेल्या बाजूस प्रत्यक्ष काम, म्हणजे पाहता पाहता करून बघावयाचे. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरूनच हे पाठ रचलेले असतात.

पडद्यावरच्या शिक्षणास एकलव्याची उपमा अनेकदा देतात. मला तिची निराळीच बाजू दिसते. आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थ्यांपाशी संगणक नसतो, मोबाइल असतो, आणि तोही घरात एकच. एकलव्यास अंगठा द्यावा लागला; या मुलांचे सारे शिक्षण एका अंगठ्यावर चालते. हाती धरलेल्या मोबाइलच्या ज्या कोपऱ्यात अंगठा पोहोचत नाही, तेथे महत्त्वाची कळ ठेवणारा रचनाकार नकळत गुरुदक्षिणाच मागत असतो.

रचनाकाराची गृहीते किती खोलवर असतात, याचा अनुभव आपणा चेन्नईकर मराठी मंडळींइतका कोणास असेल? नोंदणीच्या तक्त्यात 'आडनाव' या रकान्यासमोर तमिळ विद्यार्थी अडतो, कारण त्यास आडनावच नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. उलट येथील शाळेत आपल्या मुलाचे भारदस्त आडनाव एका आद्याक्षरात आटोपते. दोघांपैकी चूक कोणाचीही नाही. तक्ता करणाऱ्याने फक्त आपल्या घरातील माणसे पाहिली, इतकेच.

बालवर्गाच्या योजनेत हेच ध्यानी घेतले पाहिजे. बालभारतीची पाठ्यपुस्तके आज संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि ती उत्तम आहेत. तथापि ती महाराष्ट्रातील मुलासाठी रचलेली आहेत. शाळेत तमिळ लिपी शिकणाऱ्या आपल्या मुलास क, ख, ग, घ या चोहोंसाठी एकच अक्षर परिचयाचे असते. 'खार' आणि 'गार' यांतील भेद त्याच्या कानास कळतो, डोळ्यास नवा असतो. त्याला या अक्षरांचा सराव अधिक हवा. याउलट 'ळ' हिंदीतून येणाऱ्या मुलास छळतो. आपल्या मुलांना तो तमिळने आधीच शिकविलेला आहे. त्यापासूनच प्रारंभ का करू नये? 'बाळ', 'फळ', 'शाळा' वाचता आले की मुलास पहिल्याच दिवशी विजयाचा आनंद मिळेल. शिवाय देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार लागतात, म्हणून रोमी लिपीसाठी ठरविलेले ओळींचे अंतर तिला अपुरे पडते. पुष्कळ पडद्यांवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. पुस्तकात एक 'ल' आणि पडद्यावर दुसरा, असे झाल्यास मूल गोंधळणारच.

या प्रांतात मराठी बालकांसाठी काही करण्याची परंपरा आपण निर्माण करीत नाही. ती पुढे चालवीत आहोत. १८०६ साली, सरफोजी राजांच्या कारकीर्दीत, तंजावरच्या छापखान्यात इसापच्या कथांचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' छापले गेले. त्या काळचा छापखाना हा आजच्या पडद्याइतकाच नवलाचा होता. नवे यंत्र हाती येताच त्यावर मुलांच्या गोष्टी छापाव्यात, ही बुद्धी तंजावरकरांस झाली.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. पाठ दहा मिनिटांहून मोठा नसावा. सूचना लिहिलेली नसावी, ती आवाजात ऐकू यावी, आणि तो आवाज कुणा तरी आजीचा असावा. सरावात चूक पुसली जावी. आपल्या दहावी-अकरावीतील मुलामुलींनी प्रत्येकी दोन लहानांची जबाबदारी घ्यावी. मद्रासची पद्धत मद्रासेतच पुन्हा रुजू द्यावी. महिन्यातून एकदा सर्व मुले या सभागृहात प्रत्यक्ष जमावीत, कारण भाषेला माणसांचा सहवास लागतो. आणि पाठ प्रसिद्ध करण्यापूर्वी तो एका मुलापुढे ठेवून आपण मुकाट्याने शेजारी बसावे. ते कोठे अडते एवढेच पाहावे, सांगू नये. ही परीक्षा मुलाची नसून आपली आहे.

ती मुलगी आता तेरा वर्षांची आहे. सूचना आवाजात घालून मी ते पाठ पुन्हा केले, तेव्हा तिने ते चार महिन्यांत संपविले. गेल्या दिवाळीत तिने आजीला पाठविलेल्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका होत्या. आजीने त्या सुधारल्या नाहीत. पत्र मात्र तिने देवघरात ठेवले आहे.