एकाच उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा



राजुरेश्वर गणपतीच्या गावात, राजूरला, परिषद भरली याचा आनंद आहे. पण मधुमेहाच्या शिबिरासाठी कुणी संकष्टीचा दिवस सुचवला, तर हात जोडून नाही म्हणा. गर्दी आयती मिळते हे खरं. मात्र ‘उपाशीपोटी आलात ना?’ असं विचारलं की माणूस ‘हो, उपवासच आहे’ म्हणतो आणि पोटात साबुदाण्याची खिचडी असते. यंत्र बरोबर, आकडा वाया. ‘सकाळपासून तोंडात काय काय गेलं?’ असं विचारावं, हे मी तरी पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

मग तरुण संशोधकांना आपण काय शिकवतो? संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर आणि शोधनिबंध कसा लिहावा, हे. दोन्ही हवंच. पण संशोधन उभं राहतं ते एकाच घराच्या उंबऱ्यावर वर्षानुवर्षं जाण्यावर, आणि तो सराव आपण कुणालाच देत नाही.

पुण्याचं उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. बाळांची सरासरी वजनं भरली सुमारे 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं अशक्त, एवढ्यावर विषय संपला असता. पण त्यांच्या माणसांनी तान्ह्या लेकरांच्या कातडीच्या घडीची जाडीही मोजली होती. हातपाय काटकुळे, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून! किरकोळ अंगाच्या आपल्या लोकांना मधुमेह का गाठतो, याचा धागा तिथे सापडला. पुढे तीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात गरोदरपणात बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक आढळलं. हा निष्कर्ष छापून आला 2008 साली. म्हणजे पंधरा वर्षं. देशात 10 कोटींवर मधुमेही आहेत हे 2023 मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीने सांगितलं. ते का, हे सांगायला असा चिवट पाठपुरावाच लागतो.

आणि आपला एमडीचा थिसिस? गाईड विषय देतो, विद्यार्थी ओपीडीतून शंभरेक रुग्ण गोळा करतो, बांधणी होते, कपाटात जातो. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी नवे रुग्ण घेऊन तोच विषय करतो. आधीच्या शंभरांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला तीन वर्षांत सुटायचं असतं, गाईडला बढतीसाठी निबंध हवे असतात.

साधनं नाहीत, ही सबब या तालुक्यात तरी चालू नये. डॉ. हिंमतराव बावस्कर याच भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती, तेव्हा ते खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास तासातासाला टिपत राहिले. 1982 मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनच्या जातीच्या संप्रेरकांचा पूर येतो, म्हणून विंचूदंशही आपल्या संप्रेरकशास्त्राचाच विषय, असं मी हट्टाने म्हणतो. प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यावर लागू पडलं. हृदयविकार-तज्ज्ञांनी भरलेल्या मोठ्या रुग्णालयात हे आधी दिसलं नाही, खाटेशेजारी दिसलं.

तेव्हा एक ठोस सूचना मांडतो. जालन्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 साली सुरू झालं. त्याच्या जुन्या सवयी अजून पडायच्या आहेत, ही मोठी सोय! राजूर परिसरातल्या मोजक्या वाड्या-वस्त्या निवडाव्यात आणि घरवार एकच नोंदवही ठेवावी. गरोदर बाई, तिचं बाळ, घरातला मधुमेही, तिघांची नोंद एका पानावर. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने आधीच्याची वही पुढे न्यावी. थिसिस त्या वहीतूनच निघावा. पहिलं वर्ष त्याने फक्त मोजायला शिकावं: टेप कुठे धरायची, वजनकाटा रोज कसा तपासायचा, रक्त किती वेळात प्रयोगशाळेत पोचवायचं. हे त्याला आशाताई आणि अनुभवी क्षेत्र-कार्यकर्ते शिकवतील. शोधनिबंधावर त्यांचंही नाव असावं. अहवाल आला की तो आधी त्या घरी जाऊन समजावून सांगावा, मग संगणकात भरावा. साखर वाढलेली दिसूनही बाईला उपचार न सांगता नुसता आकडा घेऊन येणाऱ्याला मी तरी संशोधक म्हणणार नाही.

नोंदणी पोळा ते दसरा या दिवसांत व्हावी. त्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या जिल्ह्याबाहेर पडतात आणि दाराला कुलूप दिसलं की आपला विद्यार्थी ‘संपर्क तुटला’ असा शेरा मारून मोकळा होतो. मुकादमाचा फोन नंबर वहीच्या पहिल्याच पानावर घ्यावा, आणि कारखान्याच्या तळावर एक फेरी प्रकल्पाच्या खर्चात आधीच धरावी.