सामन्याआधीचे चौदा दिवस

१९६९च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सट्टेवाल्यांनी एक आकडा काढला होता: १८. बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यू यॉर्क जेट्स यांच्यातला अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना रविवार, १२ जानेवारीला मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर व्हायचा होता. कोल्ट्स अठराहून अधिक गुणांनी जिंकले तरच त्यांच्यावर पैसे लावणाऱ्याच्या हाती काही लागणार होतं. या खेळात टचडाउनचे सहा गुण, आणि त्यानंतरची किक साधली की सातवा. म्हणजे कोल्ट्स दोन टचडाउनांपेक्षाही बऱ्याच गुणांनी सरस आहेत, असं बाजाराचं म्हणणं होतं. अंतिम सामन्यापर्यंत पोचलेल्या दोन संघांत एवढी तफावत!

ती कुणाला खटकली मात्र नाही. खटकण्यासारखं काही दिसत नव्हतं. कोल्ट्स जुन्या, प्रतिष्ठित नॅशनल फुटबॉल लीगचे विजेते. मोसमातल्या १४ सामन्यांपैकी १३ जिंकलेले. ज्या क्लीव्हलंड ब्राउन्सनी त्यांना एकदा हरवलं, त्यांनाच त्यांनी लीगच्या निर्णायक सामन्यात ३४-० असं धुऊन काढलं होतं. जेट्स आले होते अमेरिकन फुटबॉल लीगमधून. १९६० साली मैदानात उतरलेली ही लीग जुन्या मंडळींच्या लेखी कालचं पोर होती. दोन्ही लीगच्या विजेत्यांनी एकमेकांशी खेळायचं, हे १९६६च्या विलीनीकरणाच्या करारात ठरलं, आणि पहिल्या दोन्ही सामन्यांत ग्रीन बे पॅकर्सनी नव्या लीगच्या संघांना लोळवलं. कॅन्सस सिटीला ३५-१०, ओकलंडला ३३-१४. दोनदा जे घडलं ते तिसऱ्यांदा घडणारच, एवढ्या साध्या हिशेबावर १८चा आकडा उभा होता.

दोन्ही लीगचे निर्णायक सामने २९ डिसेंबरला संपले. मायामीचा सामना बरोबर चौदा दिवसांनी. आजही सुपर बोलच्या, म्हणजे याच अंतिम सामन्याच्या, आधी बहुधा दोन आठवड्यांचं अंतर असतं, आणि आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला सामना सुरू होईपर्यंत तिकडच्या वाहिन्यांनी बोलायचं काही शिल्लक ठेवलेलं नसतं. हा सगळा काळ म्हणजे निव्वळ जाहिरातबाजी, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. एका सामन्याच्या तयारीला एवढा निवांत वेळ या खेळात एरवी मिळत नाही. मोसमात आठवड्याला एक सामना, त्यातले दोनेक दिवस अंग सावरण्यातच जातात. चौदा दिवस मिळाले की समोरच्याला नीट बघता येतं. १९६९ साली जेट्सनी नेमकं हेच केलं.

बघायचं म्हणजे चित्रफिती बघायच्या. खोलीत अंधार करून प्रोजेक्टरवर प्रतिस्पर्ध्याचे जुने सामने लावायचे, एकच चाल पुढे-मागे करत दहादा पाहायची. या खेळात ते विशेष फळतं, कारण अमेरिकन फुटबॉल तुकड्यातुकड्यांनी चालतो. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाआधी दोन्ही बाजूचे अकरा-अकरा गडी आपापली जागा धरून उभे राहतात, आणि ती मांडणी बऱ्याचदा पुढची चाल सांगून जाते. गोलंदाजाच्या मनगटावरून गुगली ओळखणाऱ्या फलंदाजासारखं हे काम. फक्त इथे मनगटं अकरा.

जेट्सच्या खेळाडूंना फितींवर काय दिसलं? कोल्ट्सच्या ज्या बचावाची देशभर धास्ती होती, तो बचाव क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्यावर, एकदम जास्तीचे गडी सोडायचा. चेंडू फेकायच्या आतच त्याला आडवं करायचं, ही रीत. पण जो पुढे धावतो तो आपली जागा मोकळी सोडतो. चेंडू झटकन सोडणारा क्वार्टरबॅक असेल तर तीच मोकळी जागा त्याला आयती सापडते. आणि जेट्सचा क्वार्टरबॅक जो नेमथ चेंडू सोडण्यात त्या काळातला सर्वांत चपळ गडी होता. त्याचे गुडघे पार कामातून गेलेले, पळून सुटणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. पण हात आणि डोळे विजेसारखे. १९६७ साली त्याने एका मोसमात ४००७ यार्डांच्या फेकी पुऱ्या केल्या होत्या. ४०००चा टप्पा त्याआधी व्यावसायिक खेळात कुणीच गाठला नव्हता. फिती पाहून पाहून संघाची भीड इतकी चेपली, की टाइट एंडच्या जागी खेळणाऱ्या पीट लॅमन्सने हे बघणं आता थांबवा, नाहीतर आपल्यालाच फाजील आत्मविश्वास चढेल, असं सहकाऱ्यांना बजावलं.

प्रशिक्षक वीब यूबँक यांना तर कोल्ट्स घरचेच. १९५८ आणि १९५९ साली त्यांनीच कोल्ट्सना विजेतेपद मिळवून दिलं होतं. १९६२च्या मोसमानंतर त्यांना काढलं गेलं आणि त्यांच्या जागी डॉन शुला आले. हे शुला एके काळी यूबँक यांच्याच हाताखाली खेळलेले. आता दोघे मायामीत समोरासमोर होते. कोल्ट्सचा सुप्रसिद्ध क्वार्टरबॅक जॉनी युनायटस याचं कोपर दुखावलेलं. त्याच्या जागी ३४ वर्षांचा अर्ल मॉरल वर्षभर खेळला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. यूबँक यांची इच्छा एवढीच, की आपल्या गड्यांनी तोंड मिटून राहावं आणि कोल्ट्सना गाफील राहू द्यावं.

नेमथला ते जमणं शक्य नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्स या पोलादी गावातून आलेला, १९६५ साली ४,२७,००० डॉलरच्या करारावर सही करून सगळ्या देशाचं लक्ष वेधून घेतलेला हा मुलगा. मायामीत तो हॉटेलच्या तलावाकाठी खुर्ची टाकून पत्रकारांशी गप्पा मारत बसे. आमच्या लीगमध्ये मॉरलपेक्षा चांगले क्वार्टरबॅक आहेत, असं त्याने सरळ सांगून टाकलं आणि त्यांची नावंही मोजून दाखवली. गुरुवारी, ९ जानेवारीला, मायामी टचडाउन क्लबच्या समारंभात त्याला पुरस्कार मिळायचा होता. तो बोलायला उभा असताना प्रेक्षकांतून कुणीतरी कोल्ट्सच्या नावाने त्याला डिवचलं. तेव्हा नेमथ म्हणाला, रविवारी आम्हीच जिंकणार, मी हमी देतो. यूबँक संतापले. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला.

त्या हमीवर अमेरिकेत आजवर भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि बहुतेकांनी तिला बेफाम तरुणाची बढाई ठरवलं आहे. त्या माणसावर हा अन्याय आहे. त्या आठवड्यात सामन्याबद्दल बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण लीगचं नाव पाहून बोलत होते. नेमथ फिती पाहून बोलत होता. १८चा आकडा गेल्या दोन वर्षांच्या निकालांतून निघाला होता, आणि ते निकाल मुळात पॅकर्सचे होते, कोल्ट्सचे नव्हेत. हमी निघाली ती कोल्ट्सच्या बचावातल्या एका विशिष्ट मोकळ्या जागेतून. यातलं काय अधिक पक्कं होतं, ते रविवारी दिसणार होतं.

रविवारी जेट्सनी सुरुवातीलाच एक लांब फेक टाकली, डॉन मेनार्डच्या दिशेने. ती थोडक्यात हुकली. मेनार्डच्या मांडीचा स्नायू दुखावलेला होता, हे कोल्ट्सना ठाऊक नव्हतं. त्यांनी धसका घेऊन बचाव त्याच्या बाजूला झुकवला. मग नेमथने दुसरी बाजू धरली. तिथे जॉर्ज सॉअर एकट्याच बचावपटूसमोर होता. त्याने ८ फेकी झेलून १३३ यार्ड मिळवले. उरलेली वाटचाल मॅट स्नेलने पायांवर केली. डाव्या बाजूला वाट मोकळी करून देणाऱ्या विन्स्टन हिल या धिप्पाड टॅकलच्या मागून तो पुन्हा पुन्हा घुसत राहिला आणि १२१ यार्ड धावला. दुसऱ्या सत्रात १२ चालींत ८० यार्ड कापून पहिलं टचडाउन झालं, तेही स्नेलचंच.

मध्यंतराआधीची एक चाल कोल्ट्सच्या पाठीराख्यांना अजून सलते. मॉरलने चेंडू टॉम मॅटेला दिला, मॅटेने तो परत मॉरलकडे फेकला, आणि तोवर जिमी ऑर टचडाउनच्या रेषेजवळ अगदी एकटा, हात हलवत उभा होता. मॉरलला तो दिसलाच नाही. त्याने मैदानाच्या मध्यावर चेंडू फेकला आणि जेट्सच्या जिम हडसनने तो पळवला. पूर्वार्धात मॉरलच्या अशा तीन फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या. पुढे दुखऱ्या कोपराचा युनायटस उतरला, एक टचडाउनही झालं, पण वेळ हातातून निघून गेली होती. जेट्स १६, कोल्ट्स ७. नेमथ सामनावीर ठरला, तोही टचडाउनची एकही फेक न करता. शेवटच्या सत्रात तर त्याने चेंडू फेकलाच नाही. आघाडी हातात असताना चेंडू पायांवर ठेवून घड्याळ चालू द्यायचं, हे त्याला कळत होतं. ज्याला उतावळा म्हटलं गेलं त्याचा हा संयम.

जेट्सना त्यानंतर आजवर सुपर बोल गाठता आलेला नाही. त्यांचं मैदान आता न्यू जर्सीत ईस्ट रदरफर्डला आहे, आणि त्या भागात वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांनी हा संघ आपला मानला असेल, तर १९६९ची गोष्ट त्यांना आजोबांच्या वयाच्या शेजाऱ्यांकडूनच ऐकावी लागते.

अंदाज बांधणाऱ्यांनी मात्र वर्षभरात सारं विसरून टाकलं. ११ जानेवारी १९७०ला न्यू ऑर्लिअन्समध्ये जुन्या लीगचे मिनेसोटा व्हायकिंग्ज आणि नव्या लीगचे कॅन्सस सिटी चीफ्स समोरासमोर आले, तेव्हा व्हायकिंग्जना पुन्हा बारा-तेरा गुणांनी सरस धरलं गेलं. चीफ्स २३-७ने जिंकले. त्याच वर्षी दोन्ही लीग एकत्र आल्या, नव्या रचनेत कोल्ट्स जेट्सच्याच गटात पडले, आणि दोन्ही संघांना दर मोसमात दोनदा एकमेकांशी खेळावं लागलं.