शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

मध्यंतरी आमच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. पंगत बसली होती, वाढपी जिलेबीचे ताट घेऊन फिरत होते आणि मी पानातला घासभर भात चिवडीत बसलो होतो. इतक्यात समोरच्या रांगेतून गावातल्या तात्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "काय हो प्रोफेसर, पोट शिवून घेतलं होतंत ना? मग टाके उसवले की काय?" पंगत हसली. मीही हसलो. जाड माणसाला हे हसणे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. पण त्या रात्री झोप आली नाही. तात्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे, आणि ते चारचौघांत द्यायला हवे, असे मनाने घेतले. आजचे भाषण म्हणजे ते उत्तर.

प्रथम माझी हकीगत सांगतो. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. 2014 साली माझे वय छत्तीस होते आणि वजन 138 किलो. मधुमेह जडलेला, गुडघे धरलेले, रात्री झोपेत श्वास अडायचा. लंघने झाली, मेथीचे पाणी झाले, पहाटेचे फिरणे झाले. दर खेपेस दहा किलो उतरत आणि वर्षभरात बारा चढत. अखेर पतपेढीचे कर्ज काढले आणि शहरात जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. दीड वर्षात वजन 84 किलोवर आले. मधुमेहाची गोळी सुटली. एस.टी.त शेजारचा माणूस अंग चोरून न बसता मोकळा बसू लागला, हे सुख ज्याने भोगले त्यालाच कळेल.

पण चौथ्या वर्षापासून काटा पुन्हा वर सरकू लागला. आज माझे वजन 103 किलो आहे. पतपेढीचे कर्ज फिटले आणि किलो परत आले, असे मी थट्टेने म्हणत असे. मनातून मात्र वाटे, आपण नापास झालो. एवढे पैसे गेले, बायकोचे दागिने गहाण पडले, आणि आपल्याला जिभेवर ताबा ठेवता आला नाही.

आता ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. हिच्यात पोट नुसते शिवत नाहीत. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेल्याची केळीसारखी निमुळती नळी राहते. दुसऱ्या प्रकारात, जो माझ्यावर झाला, जठराच्या वरच्या टोकाला कोंबडीच्या अंड्याएवढी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग आणून तिला जोडतात. अन्न मधला पल्ला टाळून आडवाटेने खाली जाते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यवैद्याने 1960 नंतरच्या दशकात अशा शस्त्रक्रियेची सुरुवात केली. तेव्हापासून तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या आणि आज ती दुर्बिणीतून, लहान छिद्रांवाटे होते.

मग वजन परत का येते? स्वीडन देशात 1987 साली एक मोठी पाहणी सुरू झाली. चार हजारांवर स्थूल माणसे त्यांनी निवडली. त्यांतल्या निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर नाही, आणि दोन्ही गटांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली. माझ्यासारखी शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन पहिल्या एकदोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले होते. दहा वर्षांनी पाहिले तर ती उतार 25 टक्क्यांवर आली होती. मधुमेहाचेही तसेच. शस्त्रक्रिया झालेल्या शंभर मधुमेह्यांपैकी 72 जण दोन वर्षांनी मधुमेहातून मोकळे होते. दहा वर्षांनी तसे 36 उरले. तरीसुद्धा शस्त्रक्रिया न केलेल्यांच्या मानाने या लोकांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

हे आकडे कळल्यावर मी एका जुन्या परीक्षापत्रिकेच्या पाठीमागे हिशेब मांडला. 138 मधून 25 टक्के वजा करा. साडेतीन कमी एकशे सात, म्हणजे साडेएकशे तीन किलो उरतात. मी होतो 103 वर! ज्याला मी नापास समजत होतो तो विद्यार्थी बरोबर सरासरीच्या बाकावर बसला होता. हे मला कोणी आधी सांगितले असते, किंवा मी विचारले असते, तर पुढची आपत्ती टळली असती.

शरीराचा स्वभावच असा आहे की, घटलेले वजन त्याला दुष्काळासारखे वाटते. ते भूक वाढवते आणि खर्च आखडता घेते. एकाच वजनाची दोन माणसे घ्या. एक मुळातच तेवढा आणि दुसरा उतरून तेवढा झालेला असेल, तर दुसऱ्याचे शरीर बहुधा कमी इंधनात भागवते. त्यातून पोटाची पिशवीही काळाने थोडी सैलावते. शिवाय भाकरी-उसळीचे चार घास झाले की पोट भरते, पण फरसाण, बिस्किटे, गोड चहा हे पदार्थ अरुंद वाटेनेही सुरळीत उतरतात. माझेही तसेच झाले. पेपर तपासता तपासता फरसाणाची पुडी कधी संपे, समजत नसे. माझी चूक होती, ती मी नाकारीत नाही. पण सगळा दोष जिभेचा नव्हता, एवढेच सांगायचे आहे.

आता आपत्तीची गोष्ट. वजन वाढू लागले तशी मला डॉक्टरीणबाईंकडे जायची लाज वाटू लागली. आधी पाच किलो उतरवू, मग जाऊ, असे म्हणता म्हणता तीन वर्षे गेली. जीवनसत्त्वाच्या गोळ्या संपल्या, त्या आणल्या नाहीत. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. वाटले, बसून बसून येत असतील. एके दिवशी वर्गात व्यासपीठाच्या पायरीवर पाऊल टाकले आणि पाऊल टेकले की नाही हेच कळले नाही. पुढच्या बाकावरच्या मुलांनी धरले म्हणून वाचलो.

तपासणीत ब-12 जीवनसत्त्व तळाला गेलेले निघाले. हे जीवनसत्त्व अन्नातून अंगी लागायला जठरातले रस लागतात, आणि माझ्या अन्नाची वाट तर जठर टाळून जाते. यकृतात साठा असतो, त्यावर काही वर्षे भागते. म्हणून माणूस गाफील राहतो. कोठार रिते झाले की नसांवर घाला पडतो. लोह आणि कॅल्शियम यांचीही तीच कथा. इंजेक्शने सुरू झाली, चालणे सुधारले, पण उजव्या पायाच्या बोटांतली बधिरता आजही गेलेली नाही.

डॉक्टरीणबाई रागावतील या तयारीने मी गेलो होतो. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, वजन वाढलं म्हणून तुम्ही आला नाहीत. अहो, वाढतं तेव्हाच यायचं असतं." मी वीस वर्षे शिकवतो आहे. गणित न येणारा मुलगाच नेमका गणिताच्या तासाला गैरहजर राहतो, हे मी कितीदा पाहिले आहे! पण तो मुलगा आपणच आहोत, हे ध्यानात आले नव्हते.

म्हणून ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांना, आणि त्यांच्या घरच्यांना, चार गोष्टी सांगतो. डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासायचे असते. ताटात आधी डाळ, उसळ, अंडे किंवा मासे, मग भाजी आणि शेवटी भाकरी-भात. पाणी जेवताना न पिता आगेमागे प्यावे. गोड खाल्ल्यावर छाती धडधडून दरदरून घाम फुटला तर घाबरू नये; साखर एकदम आतड्यात उतरल्याचा तो परिणाम असतो. दारू अशा माणसाला फार लवकर चढते, आणि व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळी आणू नये, कारण काही वेदनाशामकांनी जोडाच्या जागी व्रण पडतो. स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष तरी दिवस राहू देऊ नयेत.

दोन प्रसंगी मात्र क्षणाचाही उशीर नको. पोटात असह्य कळा आल्या, मग शस्त्रक्रियेला दहा वर्षे झालेली असोत, तर तडक मोठ्या रुग्णालयात जावे. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. आणि सारख्या उलट्या होत असतील तर गावातल्या डॉक्टरांना आधी शस्त्रक्रियेबद्दल सांगावे. अशा माणसाला ब-1 जीवनसत्त्व न देता नुसती ग्लुकोजची बाटली लावली, तर मेंदूला इजा होण्याचा संभव असतो.

वजन फार वाढू लागले तर आता औषधे आहेत, आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचीही आहेत. ती कोणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतील. पण त्यासाठी त्यांच्या दारात जायला तर हवे.

तुम्ही विचाराल, आमच्या घरात कोणाची शस्त्रक्रिया झाली नाही, मग आम्ही काय करावे? तुम्ही एवढेच करा की, पंगतीत आग्रह करताना समोरच्याने पानावर हात आडवा धरला तर तो खरा माना. सूनबाई चार घासांत उठली तर नखरे म्हणू नका. आणि कोणाचे वजन परत वाढलेले दिसले, तर टाके मोजू नका. त्याचा त्याला काटा माहीत असतो.

शिक्षक मित्रहो, तुम्हाला एक वेगळी विनंती आहे. माझ्या शाळेच्या हजेरीत माझे नाव एक होते आणि गुरुजींच्या तोंडी 'ढोल्या' हे दुसरे. गुरुजी प्रेमळ होते, त्यांच्या मनात काही नव्हते. पण त्या नावाने मी कवायतीच्या तासाला लपायला शिकलो, आणि तीच लपायची सवय मला पुढे दवाखान्यापासूनही तीन वर्षे दूर ठेवून गेली. तुमच्या वर्गात असा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना नावाने हाक मारा आणि खेळात घ्या.

तात्या, तुम्ही ऐकत असाल तर सांगतो, टाके शाबूत आहेत. पुढच्या महिन्यात माझी तपासणी आहे. वजन दोन किलो वाढले आहे, तरी मी जाणार आहे. तुमच्याही गुडघ्यांची तक्रार आहे म्हणे. चला, बरोबरच जाऊ.