परिपूर्णतेचा आग्रह आणि आत्मविश्वास



रोह्याशी कुलसंबंध असलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले. पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले आणि सुरतेस उतरून काशीस गेले. एकाने परीक्षा जिंकली, दुसऱ्याने सोडली. थोर दोघेही ठरले. गुणपत्रिका हे मनुष्याचे एकमेव माप नव्हे.

उत्तमाचा ध्यास वाईट नाही. परंतु ह्युइट व फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याचे प्रकार वेगळे केले. ‘मी निर्दोषच असावे, अशी इतरांची अपेक्षा आहे’ ही भावना त्यांतील एक. खिन्नतेशी तिचा निकटचा संबंध आढळतो. याउलट, अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला ‘हे मला जमेल’ हा विश्वास प्रयत्नांस बळ देतो. तो केवळ स्तुतीने येत नाही. हाताला आलेल्या लहान लहान यशांतून वाढतो.

पेणच्या मूर्तिशाळेत नवशिक्याच्या हाती पहिल्याच दिवशी गणरायाच्या डोळ्यांची आखणी कोणी देत नाही. आधी माती, मग साचा, मग रंग. घरीही हाच क्रम असावा. निकालाच्या दिवशी ‘किती गुण कमी पडले?’ याआधी ‘यंदा नवे काय जमले?’ असे विचारले जावे. त्या प्रश्नाने पाल्याचे मनही सावरेल आणि अभ्यासही.