रब्बी नव्हते, राजपूरकर होते

मुंबईचं मशीद बंदर स्टेशन सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्या नावातली मशीद आम्हा मुसलमानांची नव्हे. ती बेने इस्रायली यहुद्यांची, असं शहराचे इतिहासकार सांगतात. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये तिथे सिनेगॉग उभारलं. कोकणातून आलेले हे लोक त्याला मशीदच म्हणत, आणि धर्मविधी करणाऱ्याला काझी! शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावात ते ‘शनवार तेली’. त्यांच्यात रब्बी नव्हते.

रब्बीचं पुष्कळसं काम मग एका मास्तरांनी केलं. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५). डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत ते जवळपास चाळीस वर्षं मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. ती तोंडपाठ असली तरी अर्थ कळतोच असं नाही. राजपूरकरांनी प्रार्थनांची वीसेक पुस्तकं मराठीत आणली. बरं, मराठी आणली म्हणून हिब्रू मागे पडू दिली नाही. मुलांना तीही शिकवली.

मला हे फार जवळचं वाटतं. मी नमाज अरबीत पढतो, कविता मराठीत लिहितो. ‘तुमची मातृभाषा उर्दू ना?’ असं लोक अजून सहज विचारतात. राजपूरकरांनाही कुणी असंच काही विचारलं असेल का?

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. तिथे हिब्रू बाजारहाटाची भाषा झाली. मग मराठीसाठी त्यांनी एक नियतकालिक काढलं. नाव ठेवलं ‘मायबोली’.